गोठ्यातला शेंदूर

काकांचं नाव फोनवर दिसलं आणि मी ‘हॅलो’ही न म्हणता विचारलं, “लघवी झाली का?” काकूला दवाखान्यात ठेवल्यापासून घरात दुसरा प्रश्नच नव्हता. काका म्हणाले, “आता काय होते, पोरी. गेली तुही काकू.” साखरेनं तिच्या किडन्या पोखरल्या होत्या. महिना उलटला, तरी फोन वाजला की अजून तोंडात आधी तोच प्रश्न येतो.

पिंपळगाव राजा या गावी त्यांच्या गोठ्यात मारुतीचा एक दगड आहे. दर शनिवारी शेंदूर तेलात कालवून त्याला चढवायचा, हा काकांचा नेम. थरावर थर बसून देव चांगला बाळसेदार झाला होता. एका उन्हाळ्यात मी सुट्टीला गेले, तर सोनी ही लहानगी कालवड दूध सोडून करकरा दात खात होती, भिंतीला डोकं लावून उभी राहत होती. आदल्या वर्षीचं वासरू असंच गेलं होतं. तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याची दृष्ट काढली होती. या वेळी काकूनं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सोनीची नारिंगी जीभ पाहिली, मग मारुतीकडे पाहिलं. शेंदरात शिसं असतं, म्हणाले. ते लहान जनावराच्या अंगात मोठ्यापेक्षा जास्त मुरतं, कोवळ्या किडन्या निकामी करतं. इंजेक्शन देतो, पण त्यानं शिसं बाहेर पडणार तेही किडनीतूनच. लघवी होत राहिली तर वाचेल.

डॉक्टर गेले आणि काकूनं खुरपं उचललं. काका ओरडले, “काय करून राह्यली तू? देवाले सोलतं काय?” “देवाले सांगितलं त समजते,” ती म्हणाली, “या लेकराले कोन समजावन?” खरवडताना दर वेळी ‘माफ कर रे बाप्पा’ चाललेलं. मला तर हसावं की रडावं कळेना. खपल्या फडक्यात गोळा करून तिनं दूर नेऊन पुरल्या आणि सोनीजवळ बसून राहिली. भाकरी तिथंच, चहाही तिथंच. मी पाणी घेऊन गेले तरी तेच, “तुह्यासमोर मुतली काय वं?” शेवटी एकदा धार लागली तेव्हा काकू पदरात तोंड घालून ढसाढसा रडली.

पण देव कोपेल ही भीती तिच्या मनातून गेली नाही. घरात कुणाला साधा ताप आला तरी काका गोठ्याकडे बघायचे आणि काकू खाली मान घालायची. शेवटच्या आजारात दवाखान्यात तिनं मला विचारलं, “बरुबर किडन्याच काऊन गेल्या असतीन वं?” मी चिडले. “साखर आहे काकू, देव नाही!” ती म्हणाली, “असंल त असंल. सोनी त वाचली.”

तेराव्यानंतर काका इतक्या वर्षांनी पुन्हा शेंदराची पुडी घेऊन गोठ्यात निघाले. सोनीचं वासरू दगडाजवळच बांधलेलं. माझं डोकंच तडकलं, मी मागोमाग गेले. काकांनी पुडी कोनाड्यात ठेवली, वासराला सोडून पार पलीकडच्या खुंट्याला बांधलं, दावं ताणून पाहिलं, पुन्हा एक गाठ मारली. मग देवाला बोटभर शेंदूर लावला.

हल्ली मी रोज फोन करते आणि विचारते, “वासराची जीभ पोचत नाही ना?”

“नाही पोचत, पोरी. मी आताच पाहून आलो,” काका म्हणतात. आणि फोन न ठेवताच पुन्हा गोठ्याकडे निघालेली त्यांची पावलं मला ऐकू येतात.