पिकलेल्या केळ्यांचा वास

आज आखाजी. कॅलेंडरात अक्षय्य तृतीया छापलेलं असतं, पण आमच्या खानदेशात तिला तसं कोणी म्हणत नाही. सकाळी खिडकी उघडली आणि खालच्या हातगाडीवरच्या, पार पिकून मऊ पडलेल्या केळ्यांचा तो गोडसर, जड वास घरात शिरला. जळगावात राहून केळ्यांच्या वासाला घाबरणारी बाई मी एकटीच असेन. हसायचं तर हसा. पण पोरीला पहाटेपासून कणकण आहे. नऊ वर्षांची झाली ती. शेजारच्या पोरांना ताप येतो तेव्हा त्यांच्या आया कपाळावर हात ठेवतात. मी आधी माझ्या पोरीच्या तोंडाजवळ नाक नेते. खुळ्यासारखी हुंगत राहते. काही येत नाही हे ठाऊक असूनही.

हा वास मला पहिल्यांदा कळला तो आबांच्या तोंडून. आबा म्हणजे माझे सासरे. चोपड्याच्या अलीकडे त्यांची केळीची बाग. सडपातळ, ताठ, पांढरं धोतर, आणि रिकाम्या पोटावर अशी श्रद्धा की विचारू नका. एकादशीला पाणीसुद्धा घेत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ते काही बोलले की तोंडाला पिकलेल्या केळ्यासारखा वास यायचा. नवी सून मी, मान वळवून घ्यायची. मला वाटे, बागेतच राहतात दिवसभर, बागेचाच वास असेल. काय ते माझं अज्ञान! घरात कोणालाही ताप आला, पोट बिघडलं, डोकं धरलं, की आबांचं औषध एकच, लंघन. आणि खरं सांगायचं तर लागूही पडायचं. मला दोनदा लागू पडलं होतं. म्हणून तर त्या दिवशी मी वाद घातला नाही.

पोर तेव्हा दीड वर्षाची. पोळ्यासाठी आम्ही गावी गेलो होतो. आदल्या संध्याकाळपासून ताप आणि उलट्या; दूध पाजलं की बाहेर. सकाळी मी पेज केली, मीठ-साखर घातली, वाटीत ओतली. आबा तिच्या पाळण्याशी बसले होते. म्हणाले, "पोरले काही देऊ नको. पोटले इसावा दे. ताप उतरी जाई." मी वाटी झाकून ठेवली. ती वाटी झाकणारा हात माझा होता, आबांचा नव्हे. हे मी आज इतक्या वर्षांनीही कोणाला बोलून दाखवत नाही, तुम्हाला सांगते आहे. दुपारपर्यंत ताप खरंच उतरला. पोर गाढ झोपली. "झोपू दे तिले," आबा म्हणाले, "झोप बी औषधच शे." मलाही बरं वाटलं. जरा वेळाने सहज तिचा हात उचलला आणि सोडला, तर तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. हाका मारल्या, गाल थोपटले, पाणी शिंपडलं. डोळे अर्धवट उघडे, पण त्यांत पोर नव्हती. बाई गं, तो क्षण! तिला तशीच उचलून मी रस्त्याकडे धावले.

चोपड्याच्या दवाखान्यात बोटाला टोचून साखर बघितली, तर यंत्राला आकडाच दाखवता येईना. शिरेतून साखरेचं पाणी चढवलं आणि तिथून जळगावला. तिसऱ्या बाटलीनंतर ती कण्हली. ते कण्हणं ऐकून मी जिन्यातच बसकण मारली आणि लहान पोरासारखी रडले.

रक्ताचे थेंब कागदावर टिपून तपासणीसाठी मुंबईला पाठवले. उत्तर आलं त्या दिवशी आबा हट्टाने सोबत आले. डॉक्टर तरुण होते, पण सांगायची हातोटी होती. आबा केळीवाले हे कळल्यावर त्यांनी कागदावर घडच काढला. म्हणाले, "खाल्लेली साखर संपली की शरीर साठवलेली चरबी काढतं, आबा. तिच्यातली फॅटी ॲसिडं म्हणजे लांबच लांब घड समजा. पेशी त्यांच्या दोन-दोन फण्या कापते आणि प्रत्येक कापणीला ताकद मिळते. उरलेल्या तुकड्यांतून यकृत आणखी एक इंधन करतं, त्यावर मेंदूसुद्धा तगतो. उपासाच्या तोंडाला वास येतो ना, तो त्याचाच." मी आबांकडे बघितलं नाही. "हिच्याकडे मोठे घड कापणारा कोयता आहे, पण मधल्या आकाराचा घड कापणारा कोयताच जन्मतः नाही. तिथे काम अडतं. मग ते इंधन नाही, म्हणून हिच्या तोंडाला तो वासही यायचा नाही, आणि साखरही खाली जाते."

आबांनी विचारलं, "मंग तो माल तठेच पडी ऱ्हास का?"

"पडून राहतो, आणि त्याचंच विष होतं. तुम्ही-आम्ही दोन दिवस उपाशी राहू. आजारपणात ही पोर एक वेळही उपाशी राहू शकत नाही. हिला औषध एकच, वेळेवर खाणं."

बाहेरच्या बाकावर आबा बराच वेळ धोतराचा सोगा मुठीत धरून बसले होते. मला वाटलं, नातीच्या काळजीने. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मन्ही पहिली पोर बी अशीच झोपेल व्हती." सासूबाई आधीच वारल्या होत्या, नवऱ्याला माहीत नव्हतं, त्या घरात त्या पोरीचं नाव कोणी काढत नसे. दोन वर्षांची असताना तापात गेली म्हणे. आबा पुढे म्हणाले, "मीच सांगेल व्हतं, तिले काही देऊ नका म्हनीसन." तुमचा दोष नाही, म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यानंतर आबांनी एकही एकादशी केली नाही. सदऱ्याच्या खिशात खडीसाखरेची पुडी आली. नात दिसली की, "खाई ले, माय."

पुढच्या आखाजीला मात्र त्यांनी जे केलं ते आमच्या भावकीत कोणी पाहिलं नव्हतं. आखाजीला आम्ही पितरांची घागर भरतो, वर खरबूज ठेवतो, निखाऱ्यावर तुपाची आणि घासाची आगारी टाकतो. तोवर घरात कोणी जेवत नाही. लहानपणीच गेलेल्या लेकरांची घागर आमच्याकडे भरत नाहीत. आबांनी सासूबाईंच्या मोठ्या घागरीशेजारी एक छोटी घागर भरली आणि तिच्यावर खरबुजाऐवजी खडीसाखर ठेवली. कोणीतरी विचारलंच. "उपाशी गयी व्हती ती," एवढंच म्हणाले. मग मला हाक मारली, "पहिले पोरले जेवू दे. पितरे थांबतीन."

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. आज मोठ्या घागरींत त्यांचीही आहे. मी पहाटेपासून पोरीला दर दोन तासांनी साखरेचं पाणी देते आहे, दवाखान्याची पिशवी दाराशी भरून ठेवली आहे, एक उलटी झाली की निघायचं. ही भीती जाणार नाही. ती मोठी होईल, सासरी जाईल, तरी मी फोनवरून जेवलीस का विचारत राहीन. चुलीशी निखारे फुलवत होते तेवढ्यात ती डोळे चोळत दारात आली. "मम्मी, भूक लागली."

भूक लागली! मी निखारे तसेच ठेवले. दोन पानं वाढली, एक तिचं, आणि एक छोट्या घागरीपाशी तिच्या आत्याचं. आगारी नंतर टाकीन. आबा थांबतील.