शेवटचं पान नसलेल्या कादंबऱ्या

जमनी आडे हिचं वाचनालयाचं कार्ड रद्द करण्याच्या ठरावावर माझी सही आहे, अध्यक्ष म्हणून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला चांगलं म्हणायला नको.

जमनी घाटंजीजवळच्या तांड्यावरची. वीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आया होती. बाळंतिणींचे कपडे धुता धुता तिथल्या एका सिस्टरकडून वाचायला शिकली, तेही तिशी उलटल्यावर. सिस्टर निवृत्त होऊन केरळात परत निघाली तेव्हा आमच्या वाचनालयाला दोन खोकी भरून कादंबऱ्या देऊन गेली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लहान गावांच्या, बायकांसाठी लिहिलेल्या, ख्रिस्ती वळणाच्या, मराठीत आणलेल्या. मी कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. चार चाळल्या आणि नाक मुरडून ठेवून दिल्या. प्रत्येकीत एक तरुण विधवा, एक केकचं दुकान, एक नवा पाद्री, एक वादळ आणि शेवटी लग्न.

जमनी मात्र एकेक करून सगळ्या वाचायला बसली. दर बाजाराच्या दिवशी यायची; पिशवीत खाली वांगी, वर पुस्तक.

या पुस्तकांच्या अखेरीस एक पान होतं. वर ‘वाचकाचं मत’, खाली रेघा, कडेला कात्रीचं चित्र. कापून प्रकाशकाला पाठवायचं. जमनीने कापलं नाही. वाचनालयाचं पुस्तक कापायचं नसतं, अशी पाटी मीच भिंतीवर लावली होती. तिने मत तिथेच लिहिलं, बॉलपेननं, आपल्या बोलीत, पुढच्या बाईसाठी.

‘देव हिचं दुसऱ्याच दिवशी आयकते. मंग पुस्तक दोनशे पानाचं काहून?’

‘ही बाई तीन दिवस रडून राह्यली. तवरक भांडे कोन घासले ते लिवलं नाही.’

‘पाद्री चांगला दिसते. पन बाईनं एकडाव त्याले जेवाले उशीर करून पाहाव, मंग लग्न कराव.’

‘सासू खरी हाय. बाकी सारे साखरेचे.’

इतकं नेमकं मला वर्गात कधी बोलता आलं नाही. पुस्तक नेणाऱ्या बायका ते मागून उघडू लागल्या. “जमनीबाईनं काय लिवलं व यात?” असं विचारून, हसून, मग ठरवायच्या न्यायचं की नाही ते.

मग सरकारी तपासणी आली. वाचनालयाला वरचा वर्ग मिळायचा होता. आमचे सचिव विठ्ठलराव अडतीसच्या अडतीस पुस्तकं टेबलावर घेऊन बसले.

“मॅडम, सोमवारी साहेब येऊन राह्यले आन् हे पाहा. ‘भांडे कोन घासले.’ वाचनालय हाय का पानवठा?”

मी हसले. लाज वाटते, पण हसले. आणि ठरावावर सही केली. पुस्तकात लिहिणाऱ्याचं सदस्यत्व रद्द. तपासणी झाली की कार्ड परत देऊ, असं मनात म्हटलं. कागदावर लिहिलं नाही.

त्या आठवड्यात जमनी आली तीच अडतिसावं पुस्तक काखेत घेऊन. आदल्या दिवशी ते मोजणीला आणून दाखवलं होतं आणि पुन्हा नेलं होतं. वीस पानं उरली होती.

“मॅडम, रेघा मारेल होत्या म्हून लिवलं.”

“ते पान कापून पाठवायचं असतं, जमनी.”

“कापाले तुमीच मनाई केली. आन् कापलं असतं त गोष्टीचा शेवट गेला असता. त्याच पानाच्या पाठीवर हाय तो. छापनाऱ्याले अक्कल नाही, मी काय करू?”

“वाद कायले घालतं?” विठ्ठलराव म्हणाले. “कार्ड ठेव. पुस्तक ठेव.”

तिने कार्ड ठेवलं. पुस्तक छातीशीच होतं.

“हे आज इथं बसून वाचून देतो, मॅडम. यातल्या घरात सैपाकाले एक काळी बाई हाय. लेकरू तिनं वाढवलं, मालकीन तिच्याच खांद्यावर रडते. येवढ्या पानात कोनी तिचं नाव घेतलं नाही. घेते का नाही, येवढंच पाहाचं हाय.”

मला घाई होती. बैठक होती, साहेबांच्या जेवणाचं ठरवायचं होतं. “नंतर बघू,” म्हणाले. पुस्तक टेबलावर ठेवून ती गेली.

रविवारी विठ्ठलरावांनी ब्लेडने अडतीस पानं सफाईदार कापली. अडतिसाव्यातल्या कोऱ्या पानासकट. जमनीने पाठीमागचं सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं आणि गप्प बसले, कारण मला ती सबब वाटली.

साहेबांना ठरावाची नक्कल दिली. वर्ग मिळाला. साहेबांनी पुस्तकांच्या निगेबद्दल दोन ओळी लिहिल्या. त्या चौकटीत घालून लावल्या आहेत. महिनाभरात बायका विचारायला लागल्या, “मॅडम, याचा शेवट कुठं हाय?” प्रकाशकाला पत्र टाकलं. ते पाकीट तसंच परत आलं. दुकान बंद झालं होतं.

मग मी नवं कार्ड आणि ते अडतिसावं पुस्तक घेऊन तांड्यावर गेले. जमनी अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवलं, हात पुसले, पुस्तक घेतलं आणि जिथे थांबली होती तिथून वाचायला लागली. उभ्याउभ्याच. मी बाजेवर बसून राहिले. बराच वेळ गेला. चहा तिने विचारला नाही, हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

शेवटी तिने मोठ्याने वाचलं, “लग्नाच्या पोशाखातच ती स्वयंपाकघरात धावत गेली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तू नसतीस तर,”

पुढे काही नव्हतं. ब्लेडची सरळ कड होती.

तिने त्या कडेवरून बोट फिरवलं.

“घेनार होती,” जमनी म्हणाली. “इथंच घेनार होती नाव.”

“मी कुठून तरी दुसरी प्रत मिळवते, जमनी.”

“साहेबाले ठरावाचा कागद देल्ला तुमी, त्यात मी होतो का?”

“‘एक महिला वाचक’ असं लिहिलं होतं.”

ती हसली नाही. कार्ड पुस्तकात खुपसलं, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि सूप उचललं.

“ने‍ऊन ठेवा कपाटात, मॅडम. साफ हाय आता.”