कधीपासून

वीस वर्षं तळेगावात प्राथमिक शाळेत शिकवतेय. सोमवारची पोटदुखी, परीक्षेच्या दिवशीची चक्कर, मला सगळी नाटकं तोंडपाठ. त्यामुळे आमची सात वर्षांची लेक सकाळी उठल्याउठल्या उलट्या करायला लागली, तेव्हा मी तिचं तोंड धुऊन, वेणी घालून तिला शाळेत नेत राहिले. दुपारी अगदी ठणठणीत असायची. मग नाटक नाही तर काय?

खरं ओळखलं ते माझ्या थोरल्या नणंदेनं. ती औंढ्यात शेती करते, शाळा चौथीपर्यंत. एका रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो, तर तिनं भाचीला तांदूळ निवडायला बसवलं. पोर खड्याच्या शेजारीच चिमूट मारत होती.

"आत्या, खडे दोन दिसतात आणि हातात एकही येत नाही."

नणंद माझ्याकडे वळली. "वैनी, ह्या रोजच्या उलट्या पित्ताच्या न्हाईत. उद्याच डोळ्याच्या डाक्टरकडं चला. मी बी येते."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, बॅटरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "घरी जाऊ नका. इथूनच पुण्याला जा." संध्याकाळपर्यंत एमआरआय झाला. मेंदूच्या मागच्या भागात लिंबाएवढी गाठ.

"त्रास कधीपासून आहे?" सर्जननी विचारलं.

"आठेक दिवस झाले असतील," मी म्हणाले. निष्काळजी पालकांना झापणारी बाई मी. खरं सांगायची मला लाज वाटली.

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "एवढ्यात? मग फार वेगानं वाढतेय."

नणंदेनं माझा दंड घट्ट धरला. "वैनी, खरं सांगा. गणपतीला आलतात तवाबी पोर वकत हुती."

मग मी सगळं ओकले. गणपती. त्याआधी नागपंचमी. त्याआधी जून. जूनमध्ये ती मान वाकडी करून लिहायची, म्हणून मी रोज तिच्या मानेवर चापट मारत होते. डॉक्टर लिहून घेत होते. आता हे मला फाडून खाणार, असं वाटलं.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "इतकी जुनी असेल, तर हळू वाढणारी असू शकते. मग आशा जास्त."

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. गाठ तपासणीला गेली. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. त्या दहा दिवसांत मी देवाकडे लेकीचं आयुष्य मागितलं नाही, ते मागायचं तोंडच नव्हतं. एवढंच म्हणत राहिले, माझी चूक जूनपेक्षाही जुनी असू दे.