गुण्या धरणारा हात

आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांचा डावा अंगठा कायम काळा असायचा. साबणाने जाईल असला तो काळेपणा नव्हता. वर्षानुवर्षे गुण्या कागदावर दाबून धरल्यामुळे पेन्सिलीची पूड नखात मुरली होती आणि अंगठ्याचे टोक चपटे झाले होते. उजवा हात मात्र पूजेला बसल्यासारखा स्वच्छ. सगळी शाळा त्यांना गुण्यामास्तर म्हणे. त्यांना ते माहीत होते आणि त्याचे त्यांना काही वाटत नसे.

गुण्या म्हणजे कंपासपेटीतला त्रिकोण. एक गुण्या डाव्या हाताने दाबून धरायचा, दुसरा त्याच्या कडेला लावून सरकवत न्यायचा आणि रेघा मारायच्या. सगळ्या समांतर येतात. पुढे एक चौकोन, त्याच्या कोपऱ्यांतून मागे जाणाऱ्या तिरक्या समांतर रेघा, त्यांची टोके जोडली की सपाट कागदावर पेटी उभी राहते. कारापूरच्या आमच्या वर्गाने वर्षभर काडेपेट्या, विटा आणि पायऱ्या काढल्या. माझ्या रेघा सुरुवातीला फाकायच्या. मी उजव्या हाताला दोष देत बसायची. मास्तर बघायचे डाव्याकडे. "सरकपी हाताची चूक न्हय गो बाय," ते म्हणायचे, "तुझा धरपी हात हालता."

वर्गात ते असेच बोलायचे, अर्धे कोंकणीत, अर्धे मराठीत. गोवा घटक राज्य होण्याच्या त्या दिवसांत भाषेवरून गावात वाद पेटला होता. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तर दोन टेबलांमध्ये बोलणे बंद. दोन्हीकडचे लोक सह्यांचे कागद घेऊन मास्तरांकडे यायचे. मास्तर कागद हातात घेऊन आधी त्याच्या कडा सरळ करायचे, मग पूर्ण वाचायचे, आणि तोवर घंटा व्हायची. त्यांनी कुठे सही केली की नाही, कोणाला कळले नाही.

शाळेमागेच त्यांचे घर होते. अंगणात तुळशीवृंदावन. त्यांच्या पत्नीला आम्ही काकी म्हणायचो. ते वृंदावन काकीने स्वतः चिऱ्यांवर माती लिंपून बांधलेले. तीन पायऱ्या, वर चौकोनी खांब. मागच्या अंगाला मात्र खालची पायरी हातभर जास्त बाहेर काढलेली, कारण दुपारी काकी तिथे पाठ टेकून तांदूळ निवडायची. समोरून येणाऱ्याला ती जागा दिसत नसे. मास्तरांनी एकदा ते वृंदावन आम्हाला समोरच्या कोपऱ्याकडून, मागे जाणारी बाजू दिसेल असे काढायला लावले. मी मागे जाणाऱ्या रेघा डोळ्याला दिसतात तशा एकमेकींकडे ओढत नेल्या आणि त्यांची लांबीही कमी केली.

"फाटली कड ल्हान कित्याक काडली गो?" मागच्या कडेवर बोट ठेवून मास्तरांनी विचारले.

"लांब आहे ना मास्तर. लहानच दिसते."

"दिसते तसे फोटोवाला काढतो. गवंडी तुझ्या कागदावर पट्टी लावून मोजणार. त्याच्याशी खोटं बोलू नये. मागे गेली म्हणून वस्तू कमी होत नाही. पुरी काढ."

पुस्तकात तर चक्क लिहिले होते की तिरकी रेघ निम्मी काढावी, म्हणजे चित्र डोळ्याला बरे दिसते. मी ते पान त्यांच्यापुढे धरले. "पुस्तकवाल्याला घर बांधायचं नाही," एवढेच म्हणाले. पाठीमागून काकी चहा घेऊन आली, हसली आणि म्हणाली, "तुमचें जालें जाल्यार चा घेयात."

पणजीला जाऊन ड्राफ्ट्समनचा कोर्स करायचा असा विषय मी घरात काढला तेव्हा बाबांनी जेवणच सोडले. मुलीने एकटीने तिथे राहायचे हे त्यांना पटेना. मास्तर घरी आले. पाटावर कागद पसरून त्यांनी बाबांना गुण्या धरायला लावला आणि मला दुसरा सरकवायला सांगितले. बाबांचे हात सुपारीच्या कुळागरातल्या कामाचे, त्यांनी गुण्या असा धरला की कागदाला खळगा पडला. रेघा मात्र सुरेख आल्या. "तुमी धरात," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे बोट केले, "चेडूं सरकतलें."  दुसऱ्या दिवशी फॉर्मवर बाबांची सही होती.

मी पणजीत नोकरीला लागले. काही वर्षांनी काकी गेली. मी भेटून आले, दोन तास बसले आणि कामाला लागले. त्याचे आज वाईट वाटते. मग एका सकाळी मास्तरांचा मुलगा माझ्या ऑफिसात उभा. तो तुये गावच्या कारखान्यात कामाला होता, घरही तिथेच बांधलेले. कारापूरला जवळच्या खाणीची माती मास्तरांच्या घराच्या परसापर्यंत आली होती आणि आठ दिवसांत घर रिकामे करायचे होते. मास्तरांना झटका येऊन डावे अंग गेले होते.

"आईची तुळस बाबांना तुयेला तश्शीच बांधून हवी आहे," तो म्हणाला. "उचलायला गेलो तर माती सुटते. मी म्हटलं सिमेंटची विकत आणतो, तर तोंड फिरवून बसले. रोज चित्र काढायला घेतात आणि कागद फाडतात."

मी त्याच्याबरोबर निघाले. मास्तर अंगणात खुर्चीवर होते. मांडीवर फळी, उजव्या हातात पेन्सिल. डावा हात फळीवर ठेवलेला, पण त्यात जोर नव्हता. दुसरा गुण्या लावला की धरलेला गुण्या घसरत होता. तो काळा अंगठा तसाच होता. मला रडू आले आणि ते मी लपवले नाही. मग जमिनीवर बसून मी गुण्या धरला. मास्तर सरकवू लागले.

आम्ही तीन दिवस काढत होतो. मुलगा वृंदावनाची मापे घेऊन सांगायचा, मी गुण्या धरायची, मास्तर रेघ मारायचे. तिसऱ्या दिवशी त्यांचा उजवा हातही थकला, तेव्हा मागची पायरी मी काढायला घेतली. ऑफिसच्या सवयीने तिरकी रेघ निम्मी मारली. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते की ती दुप्पट समजायची. पण तुयेला बांधणारा गवंडी बेळगावकडचा, त्याला ते कोण सांगणार? पट्टी लावून त्याने काकीची जागा वीतभर केली असती.

मास्तरांनी बोट त्या रेघेवर ठेवले. बोलणे जड झाले होते त्यांचे.

"पुरी," ते म्हणाले.

मी खोडली आणि पुरी काढली.

गवंड्याने तुयेला त्या कागदावरून वृंदावन बांधले. तुळशीच्या लग्नाला मी गेले होते. आरती झाल्यावर मास्तरांनी मुलाला खूण केली. आम्ही दोघांनी त्यांना धरून मागच्या पायरीवर बसवले. काकी असताना त्या जागेवर ते कधी बसले नव्हते. खांबाला पाठ टेकून ते बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

तुयेला गेले की मी मागच्या अंगाला जाते. समोरून अजूनही कोणाला ती जागा दिसत नाही. मी बसून पाहिले आहे. नीट बसता येते, मांडीवर तांदळाचे सूप घेऊन.