धावपट्टीवरचे खडे

हवाई दलाचा आमचा जुना तळ आता बंद आहे. त्याच्या धावपट्टीवर आसपासच्या गावांतल्या मिरच्या वाळतात. परवा गेलो, तर एक मावशी आपल्यापुरता तुकडा झाडून उरलेले खडे एकेक करून पदरात वेचत होत्या. मी बघतच राहिलो.

वीस वर्षांपूर्वी आम्ही रोज सकाळी असेच वेचायचो. विमानं उडण्याआधी सगळ्यांनी रांगेत, माना खाली घालून, नेमून दिलेल्या आपापल्या पट्ट्यातून धावपट्टी चालायची. एवढासा खडा इंजिनात ओढला गेला तरी घात. एका सकाळी थंडीचा कंटाळा करून मी माझा पट्टा चाललोच नाही. "साफ आहे," म्हणून मोकळा झालो. त्याच दिवशी खड्यानं एक इंजिन बिघडलं. वैमानिक सुखरूप उतरला, पण खडा शेजारच्या पट्ट्यातला ठरला आणि ठपका आला तिथल्या महादेववर. त्याची बढती गेली. मी गप्प बसलो.

तेव्हा इथे इतका आवाज असायचा की मनातलं मनात ठेवणं सोपं जायचं. आता मैलभर नुसतं ऊन आणि आभाळ. बायकोलाही कधी न सांगितलेलं ते सगळं मी मावशींना सांगून बसलो.

"अन् हे मला का सांगतायसा, दादा?" त्या म्हणाल्या. "त्या महादेवाला सांगा की. हाय न्हवं अजून त्यो?"

आहे. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. "जिवंत आहेस ना रे?" म्हणून हसतो. मी "मजेत" म्हणतो.