सदतीस चुकांची नोटीस

आमच्या अंथुर्ण्याजवळच्या गावचं पोस्ट म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची खोली, आणि पोस्टमास्तर मी. तेव्हा ते लबाडीचं पाकीट आमच्या घरात आलं ते माझ्याच हातून, हे आधी सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

पाकीट सासूबाईंच्या नावाचं होतं. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या सातवी शिकलेल्या, पण अक्षर असं की गावात लग्नाच्या याद्या अजून त्यांच्याकडूनच लिहून घेतात. मासिकातलं शब्दकोडं सोडवायचं आणि कुपन पाठवायचं, हा त्यांचा नाद. बक्षीस कधी लागलं नाही. त्या कुपनांवरूनच कुणीतरी नाव-पत्ता उचलला असणार, असं मला वाटतं. पाकिटात छापील पत्र होतं. घरबसल्या हस्तलेखन, सोबतची साठ पानं स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवा आणि सहा हजार रुपये मिळवा. खाली गोल शिक्का, जावक क्रमांक, आणि नोंदणी फी बाराशे रुपये भरायला मोबाईलनं स्कॅन करायचा चौकोन.

मी म्हटलं, काम देणारा आधी पैसे मागतो का कुठं? आत्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"कारखान्याचा शेअर घेतला तवा आधी पैसं भरलं का न्हाय आपुन? मग ऊस गेला, मग सवलतीची साखर आली. सभासद व्हायाचं तर भरावंच लागतं बाय."

आमच्याकडं सगळं असंच चालतं. कारखाना असो, सोसायटी असो, दूध संस्था असो, आधी शेअर आणि मग हक्क. गोल शिक्क्याचा कागद पोस्टानं आला की तो खरा, कारण वार्षिक सभेची नोटीसही तशीच येते. दुसरा कुणी फी म्हटल्यावर सावध झाला असता, आम्ही सभासद व्हायला निघालो. बाराशे रुपये मीच माझ्या मोबाईलवरून भरले. पोस्टमास्तर असून. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

खरं सांगायचं तर आत्यांचं तोंड बघून मला नाही म्हणवलं नाही. त्यांनी जन्मभर कष्ट केले ते घरच्या रानात, आणि घरच्या रानातल्या कामाला पगार नसतो. साठाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या अक्षराला भाव दिला होता.

ती साठ पानं होती जहाजांबद्दल. कुणी आणि कशासाठी लिहिली होती देव जाणे. आत्या दुपारची भांडी झाली की ओट्यावर पाट घेऊन बसायच्या, शाईचा पेन झटकायच्या आणि दिवसाला दोन-तीन पानं उतरवायच्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख घालायच्या. समुद्र त्यांनी कधी बघितला नव्हता, पण महिनाभर आमच्या घरात नांगर, शिडं आणि धक्के याशिवाय दुसरा विषय नव्हता. भाकरी थापता थापता मला विचारायच्या, जहाजाच्या पुढच्या टोकाला काय म्हणतात सांग बरं. मी भाजी करपवायची तेवढी बाकी ठेवली होती. पानं झाल्यावर मीच ती पाकिटात भरली, स्पीड पोस्टानं पाठवली आणि पावती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी आत्या जेवेनाशा झाल्या. विचारलं तर भूक न्हाय म्हणायच्या. मग एका सकाळी त्यांनी नवं लुगडं नेसलं आणि बारामतीला बहिणीकडं जाऊन येते म्हणाल्या, एकटीच. आत्या आणि एकट्या एसटीत? मी पोस्टाचं काम आमच्या डाकसेवकावर सोपवलं आणि त्यांच्या मागोमाग गाडीत चढले. त्या माझ्यावर जाम चिडल्या, बारामती येईपर्यंत खिडकीकडंच तोंड. स्टँडवर उतरल्यावर बहिणीच्या घराचा रस्ता सोडून त्या सराफांच्या दुकानांकडं वळल्या. तेव्हा मी त्यांचा हात धरला. हाताच्या मुठीत रुमाल होता आणि रुमालात त्यांच्या कानातली फुलं.

त्यांना समोरच्या रसवंतीत बसवलं. तिथं त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. मी कामासाठी इंदापूरला गेले होते त्या दिवशी डाकसेवकानं तो दारात दिला होता, आणि त्यांनी तो माझ्यापासून लपवला होता. वकिलाची म्हणून नोटीस होती. आपण पाठवलेली पानं तपासली, त्यांत सदतीस चुका आढळल्या, करार मोडल्यामुळं कंपनीचं नुकसान झालं, सात दिवसांत नऊ हजार भरा, नाहीतर कोर्टात खेचू. मला सांगितलं तर माझ्या नोकरीवर बालंट येईल, असं त्यांना वाटलं होतं.

कोर्टाची भीती त्यांना होतीच. पण रसाचा पेला तसाच ठेवून त्या भलतंच बोलल्या. "सदतीस कशा आल्या गं? मी दोनदोनदा ताडून बघितलं हुतं."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की तो वकील समोर असता तर त्याला मी चरकातनं काढला असता. आणि मग मला माझं काम आठवलं. पाकीट मी स्वतः पाठवलं होतं. पावतीचा नंबर मी तेव्हाच टिपून ठेवला होता. मी मोबाईलवर टाकून बघितला. पाकीट कुणाला मिळालंच नव्हतं. पत्त्यावर कुणी नाही, म्हणून ते परत निघालं होतं आणि वाटेत कुठंतरी होतं.

आत्यांना समजायला जरा वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं की ते पाकीट कुणी उघडलेलंच नाही, चुका मोजणार कोण? ही नोटीस सगळ्यांना एकच छापून धाडतात. भ्यालेलं माणूस पैसे भरतं, बस्स. त्यांनी फुलं कानात घातली, माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

"म्हंजी कुणी वाचलंच न्हाय व्हय," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून पोस्टात कुणी असलं पाकीट दाखवायला आणलं की मी आधी त्याला बसवते. कारखान्याला शेअर भरला तरी त्याची चिमणी इथून दिसते, सभेत उठून चेअरमनला चार शब्द सुनावता येतात. ह्यांचा पत्ता म्हणजे नुसता गाळा नंबर. कामाआधी पैसे, कामानंतर दंड, आणि भेटायला माणूस नाही, इतकं जुळलं की पाकीट चुलीत घाल म्हणते. थांब, आधी पोलिसांत दाखव, मग चुलीत घाल. आमच्या नोटिशीची तक्रारही मी दिली. बाराशे काही परत आले नाहीत.

पाकीट मात्र आलं. डाकेच्या थैलीतून मीच ते काढलं, जसंच्या तसं, चिकटपट्टीसुद्धा न उचकटलेलं. आत्यांनी ते उघडलं नाही, माझ्या टेबलावर ठेवलं. "आता तूच तपास," म्हणाल्या.

मग दुपारी पोस्ट बंद केलं की मी एका हाताला छापील पान आणि दुसऱ्या हाताला आत्यांचं पान घेऊन ओळ न् ओळ ताडून बघू लागले. त्या उंबऱ्यात बसून मेथी निवडायच्या, माझ्याकडं लक्ष नसल्यासारखं दाखवत. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी एकेचाळिसाव्या पानावर एक ओळ दोनदा उतरलेली सापडली. लपवावी असं मनात आलं. पण त्यांनी मान वर केली होती, आणि मला खोटं बोलवेना.

आत्या उठून आल्या. पान लांब धरून त्यांनी कोपऱ्यातली तारीख बघितली.

"ह्या दिवशी तू तापानं फणफणली हुतीस," त्या म्हणाल्या. "सारखी उठून तुझ्याकडं येत हुते, कपाळावरची पट्टी बदलायला."

एवढं बोलून त्या परत मेथीकडं गेल्या. उरलेली एकोणीस पानं मी दुसऱ्या दिवशी तपासली आणि त्यांत एकही चूक निघाली नाही. पण त्या दुपारी मला पुढची एक ओळसुद्धा वाचता आली नाही.