काळ्या पडद्याची पंधरा मिनिटं

माझा धाकटा भाऊ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि भोरमधल्या एका सैन्यभरती अकादमीत शिकवू लागला. त्याला जाऊन आता वर्ष झालं. शेवटच्या हिवाळ्यात त्याने संगणकावर एक धडा तयार केला होता: नुसत्या नजरेने अंतर कसं ओळखायचं. भाटघर धरणाच्या भिंतीचे, उत्रोलीच्या भातखाचरांचे फोटो त्याचे, चित्रफिती त्याच्या, आवाजही त्याचाच. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, म्हणून टायपिंग माझ्याकडे.

प्रत्येक फोटोनंतर त्याने पडदा पंधरा मिनिटं काळा ठेवला होता.

"अरे, पोरांना वाटेल मशीन बंद पडलं," मी म्हटलं.

"वाटू दे की, आक्का. पडदा काळा व्हायच्या आदी माझा आवाज हाय ना, 'उठा, भाईर चला, बांधावर हुबं ऱ्हावा, अंदाज सांगा, मग पावलं मोजा.' पडद्यावर काय, समदंच हाताच्या अंतरावर!"

वर्षश्राद्धानंतर अकादमीने मला नव्या संगणकवर्गाच्या उद्घाटनाला बोलावलं. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. धडा सुरू झाला. वर्षानंतर त्याचा आवाज ऐकून मी खुर्ची घट्ट धरली. एक फोटो, लगेच दुसरा, लगेच तिसरा. काळा पडदा नाही, 'उठा' नाही. अर्ध्या तासात टाळ्या.

संचालक कौतुकाने म्हणाले, "ताई, लई रिकामी जागा होती त्यात. चुकून राहिली असणार. आम्ही साफ केली."

चुकून! ज्याने सीमेवर वर्षानुवर्षं अंतरं जोखली, त्याच्या हातून प्रत्येक फोटोनंतर पंधरा मिनिटं चुकून राहिली?

पर्समधला पेन ड्राइव्ह मी पुढे केला. "ही मूळ प्रत. हीच लावा."

"पावणे बसलेत, ताई. आन उन्हात कोण जातंय आता?"

पोरं हसली. पहिल्या बाकावरच्या एकाला मी विचारलं, "बाळा, खिडकीतून दिसतोय तो विजेचा खांब किती लांब आहे?" त्याने आधी पडद्याकडे पाहिलं. मग संचालकांकडे.

"मूळ धडा लावा, नाहीतर त्याचा फोटो भिंतीवरून उतरवा," मी म्हणाले.

"फोटो राहू द्या की. पालकांवर छाप पडते."

मी चपला काढल्या, बाकावर चढले आणि हारासकट फोटो उतरवून घेतला. कोणीही अडवलं नाही. कोणीही उठलं नाही.